पंगत आणि पार्टी

गेल्या दिवाळीच्या सुटींत केंदूरच्या एस्. टी. थांब्यावर आमची एका गृहस्थांशीं गांठ पडली. त्यांचा मुलगा आमच्याच हाताखालीं शिकून शालान्त परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाला आणि आतां पुण्यास एका मोठ्या महाविद्यालयांत आहे. क्षेमकुशल विचारून झाल्यावर ते कांहीं वेळ घुटमळले आणि मग हळूच म्हणाले, "सर, ही पार्टी म्हंजी नक्की काय असतं वो? पोरगं म्हणतंय, फी भरतो तसं पार्टीलाबी पैसं भरावं लागत्यात. नाय भरलं तर कोण बोलत नाय म्हणं." अधिक विचारतां असें कळलें कीं, मुलानें खानावळीसाठीं नेलेले दोन हजार रुपये एका समारंभाच्या वर्गणींत दिले होते आणि पुढें महिनाभर तो एकवेळ जेवून राहिला होता. वडिलांस राग आला नव्हता. त्यांस कोडें पडलें होतें. जेवणावळीसाठीं पैसे दिले आणि त्यामुळेंच उपाशी राहिला, हा हिशेब त्यांस कांहीं केल्या जुळत नव्हता.

आम्हांस त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. एस्. टी. आली, ते चढले व निघून गेले. परंतु दरवर्षीं आमच्या शाळेंतून मुलें-मुली उच्च शिक्षणासाठीं बाहेर पडतात, आणि तेथील अभ्यासक्रमाची माहिती त्यांस पुष्कळ मिळाली तरी तेथील सामाजिक जीवनाविषयीं त्यांस कोणीच कांहीं सांगत नाहीं. म्हणून त्या गृहस्थांचें राहिलेलें उत्तर या अंकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पार्टी हा शब्द आमच्या गांवांत नवा नाहीं. परंतु केंदूरच्या पारावर तो उच्चारला असतां ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम ग्रामपंचायतीची निवडणूक उभी राहते. कोण कोणत्या पार्टीचा, एवढाच त्याचा अर्थ. महाविद्यालयांत तोच शब्द निराळ्या अर्थानें वावरतो. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतार्थ वरच्या वर्गांतील मुलें जो समारंभ करितात ती 'फ्रेशर्स पार्टी'. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस निरोप देतात ती 'फेअरवेल पार्टी'. शिवाय कोणाचा वाढदिवस, कोणास नोकरी लागली, कोणाचा संघ सामना जिंकला, अशीं निमित्तें बारमाही असतात. खाणें, गाणें, नाचणें, छायाचित्रें काढणें आणि उशीरापर्यंत गप्पा मारणें हीं तिचीं अंगें होत. कांहीं ठिकाणीं मद्यही असतें. त्याविषयीं पुढें बोलूं. वर्षांतून एकदां भरणारें स्नेहसंमेलन, ज्यास विद्यार्थी 'गॅदरिंग' म्हणतात, तें या सर्वांचें वडील भावंड. त्यांत नाटक, गायन, खेळ आणि बक्षीससमारंभ यांबरोबर 'फिशपाँड' नांवाचा एक थट्टेचा प्रकार असतो. एखाद्या विद्यार्थ्याविषयीं खोचक ओळ चिठ्ठीवर लिहून पेटींत टाकावयाची आणि ती भरसभेंत वाचावयाची. थट्टा मायेची असेल तर जिची झाली ती व्यक्तिही हसते; नसेल तर खोलीवर जाऊन रडते.

या सर्व प्रकारांचा बाहेरचा रंग कितीही निराळा असला तरी त्यांचा गाभा एकच आहे, आणि तो आम्हां खेड्यांतील लोकांस शहरवासीयांपेक्षां अधिक चांगला समजतो. तो गाभा म्हणजे पंगत. कोण कोणाशेजारीं बसतो, कोणास आग्रह होतो, कोणाच्या पानावर कमी पडतें आणि कोणास बोलावणेंच जात नाहीं, यावरून गांवांतील माणसाचें स्थान ठरत आलें आहे. एकाच पंक्तींत बसलेल्या लोकांस वाढण्यांत भेद करणें यास आपल्या भाषेंत पंक्तिप्रपंच असें नांव आहे, आणि तो दोष मानिला आहे. ज्या समाजानें या दोषासाठीं स्वतंत्र शब्द घडविला, त्या समाजास त्याचा अनुभवही तितकाच दीर्घ असला पाहिजे.

महाविद्यालय विद्यार्थ्यास दोन गोष्टी देतें. एक पदवी, ती परीक्षेनें मिळते. दुसरी सोबत, ती पंगतींत मिळते. कोणत्या प्राध्यापकांकडे कोणता विषय शिकावा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत केव्हां संपते, राहावयास स्वस्त खोली कोठें आहे, कोणत्या कंपनींत उमेदवारीची जागा निघाली आहे, हें सूचनाफलकावर लागण्यापूर्वीं मित्रमंडळींत कळलेलें असतें. म्हणून "नाय भरलं तर कोण बोलत नाय" हें वाक्य क्षुल्लक नव्हे. मुलानें दोन हजार रुपये उधळले असें म्हणणें सोपें आहे. परंतु त्याच्या समजुतीप्रमाणें त्यानें ते पंगतींतील पाटासाठीं भरले होते. प्रश्न इतकाच कीं, त्या पाटाला किंमत लावण्याचा अधिकार कोणास आहे?

हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या प्रांतांत इंग्रजी विद्येस आरंभ झाला त्या पहिल्या पिढीपासूनच कोणीं कोणाबरोबर खावें, हा शिकलेल्या तरुणांचा कळीचा प्रश्न होऊन बसला होता. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा नांवाची एक गुप्त मंडळी निघाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकीं होते, आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिकलेले कित्येक तरुण तिचे सभासद होते. सभासद होणारानें जातिभेद मानणार नाहीं अशी प्रतिज्ञा करावयाची आणि ती खरी असल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा, असा तिचा रिवाज होता. आज मिसळीबरोबर दोन पाव मागवितांना कोणाचें मन कचरत नाहीं. परंतु त्या काळीं त्या एका घांसासाठीं दारें लावून घ्यावीं लागत. १८६० मध्यें सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें बाहेर फुटणार अशी धास्ती पडली, आणि सभा मोडली. सात वर्षांनीं मुंबईस प्रार्थनासमाज निघाला तेव्हां तिच्यांतील कांहीं मंडळी त्यांत येऊन मिळाली. पाव लपून खाल्ला खरा, पण विचार पचला होता.

पुण्यांतील प्रकार याहून प्रसिद्ध आहे, कारण तो लपून झाला नाहीं. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी हे मोठे विक्षिप्त गृहस्थ होते. १८९० मध्यें त्यांच्या खटपटीनें गुरुवार पेठेंतील पंचहौद मिशनमध्यें शहरांतील प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानाचें आमंत्रण गेलें. न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, आणि इतरही विद्वान् होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी प्याले, कोणी नुसता पेल्यास हात लावून ठेविला. नंतर गोपाळरावांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणिलीं आणि शहरांत गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली आणि पुष्कळांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. रानड्यांसारख्या पुरुषानेंही शेवटीं प्रायश्चित्त घेतलें, याचा सुधारकांस फार विषाद वाटला. एक पेला चहा! महाराष्ट्रांत इतकी महाग पार्टी दुसरी झाली नसेल. ती महाग पडली ती चहाच्या किंमतीमुळें नव्हे; कोणाच्या हातचा आणि कोणाच्या शेजारीं बसून, यामुळें.

आमच्या गांवाहून पुण्यास जाणारा विद्यार्थी शिक्रापूर, वाघोली असें करीत नगर रस्त्यानें शहरांत शिरतो. शहर लागतांना येरवड्यास डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. १९३९ पासून ती संशोधनसंस्था झाली आहे, परंतु त्यापूर्वीं पदवीचें शिक्षण घेणाऱ्या किती तरी नामांकित विद्यार्थ्यांनीं तेथें दिवस काढिले. त्यांपैकीं तिघांची आठवण या प्रसंगीं करण्यासारखी आहे.

त्यांतील पहिले दोघे टिळक आणि आगरकर. आगरकरांची गरिबी एवढी कीं, एकच सदरा रात्रीं धुऊन सकाळीं घालीत असें सांगतात. परंतु त्या सदऱ्यामुळें त्यांस मित्राची वाण पडली नाहीं. कॉलेजजवळच्या टेकडीवर फिरतांना या दोघांचे जे वाद चालत, त्यांतूनच सरकारी नोकरी न करितां शिक्षणास वाहून घ्यावें हा निश्चय झाला. १८८० मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज. पुढें दोघांचे मतभेद झाले व मार्ग वेगळे झाले, हें सर्वांस ठाऊक आहे. तथापि विद्यार्थिदशेंतील ज्या संगतींतून एवढ्या संस्था उभ्या राहिल्या, तिची वर्गणी कोणासही भरावी लागली नव्हती.

तिसरी विद्यार्थिनी म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. नाशिक येथें १८६६ मध्यें जन्मलेली ही ख्रिस्ती पाद्र्याची कन्या डेक्कन कॉलेजांत शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. मुलांच्या त्या कॉलेजांत तिचें स्वागत फुलांनीं झालें नाहीं. वर्गाचें दार तिच्या तोंडावर लावून घेण्याचे प्रकार घडत. १८८९ मध्यें ती ऑक्सफर्डला गेली. तेथेंही कायद्याच्या परीक्षेस बसण्यासाठीं १८९२ मध्यें विद्यापीठास खास परवानगी द्यावी लागली आणि पदवी हातांत पडावयास १९२२ साल उजाडलें. मात्र तेथें बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनीं तिला आपल्या घरच्या भोजनांस व बैठकींस बोलाविलें आणि विलायतेंतील थोर मंडळींशीं तिची ओळख करून दिली. पुण्यांत बंद दार आणि ऑक्सफर्डला जोवेटांची मेजवानी! एखाद्या नवख्या विद्यार्थ्याच्या आयुष्यांत एका आमंत्रणाची किंमत काय असते, हें यावरून कळतें.

बंद दारांचा याहून कठोर अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस आला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत ते शिकत असतां तेथील उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा देत नसे, पाणीही देत नसे. १९१२ मध्यें ते बी. ए. झाले आणि पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें वसतिगृहांत नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर ते राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. आयुष्यांतील आपले उत्तम मित्र म्हणजे कोलंबियांतील कांहीं सहाध्यायी व तेथील थोर प्राध्यापक, असें त्यांनीं १९३० मध्यें लिहून ठेविलें आहे. अशा विद्वानास स्वदेशीं परतल्यावर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हां प्राध्यापकांसाठीं ठेविलेल्या माठांतील पाणी त्यांनीं पिऊं नये अशी तक्रार त्यांच्या कांहीं सहकाऱ्यांनीं केली! पुढें १९४६ मध्यें त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढिलें. तेथें शिकावयास येणाऱ्या गरीब मुलांस तहान लागल्यावर काय वाटतें, हें त्या संस्थापकास दुसऱ्या कोणी सांगावें लागलें नसेल.

याच काळांत पंगत मोठी करण्याचे कांहीं प्रयत्नही झाले. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें काढिलीं. ज्यास खानावळींत कोणी घेत नव्हतें त्यास शहरांत राहून शिकतां यावें, हा त्यांचा हेतु. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं गांठली. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापून त्यांनीं १९२४ मध्यें सातारा येथें जें वसतिगृह काढिलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ मध्यें गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. मुलांसाठीं धान्य आणावयास पैसा उरला नाहीं तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मंगळसूत्रही दिलें. यजमान कसा असावा, याचा याहून मोठा धडा आम्हांस माहीत नाहीं. पाहुण्यांकडून वर्गणी गोळा करणें कोणासही जमतें.

कोणी म्हणेल, हें जातिभेदाचें दुखणें आपल्या देशाचें. पाश्चात्य विद्यापीठांत असें नसेल. तसें नाहीं. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाच्या भोजनगृहांत न जेवतां खाजगी भोजनक्लबांत जेवतात. त्यांतील सर्वांत जुना आयव्ही क्लब १८७९ चा. कांहीं क्लबांत प्रवेश अर्जानें मिळत नाहीं. सभासद उमेदवारांस पारखून निवडतात. पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन हे त्या विद्यापीठाचे प्रमुख असतां, या क्लबांमुळें विद्यार्थ्यांत उच्चनीच भाव वाढतो असें पाहून त्यांनीं १९०७ मध्यें ते मोडून सर्वांस एकत्र राहण्या-जेवण्याची योजना मांडिली. माजी विद्यार्थी खवळले आणि योजना बारगळली. जो पुढें युरोपच्या तहासाठीं झगडला, त्यास विद्यार्थ्यांचीं जेवणाचीं टेबलें हलवितां आलीं नाहींत! विद्यापीठांत मुलींस १९६९ मध्यें प्रवेश मिळाला, तरी कांहीं क्लबांचीं दारें त्यांस बंदच राहिलीं. एका विद्यार्थिनीनें १९७९ मध्यें तक्रार केली आणि १९९० मध्यें न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां कोठें तीं उघडलीं. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें बुलिंग्डन क्लब नांवाची अठराव्या शतकापासूनची मंडळी आहे. निवडक धनिकपुत्र, महागडा खास पोशाख आणि दंगामस्तीचीं भोजनें यांसाठीं ती प्रसिद्ध. इंग्लंडचे दोन पंतप्रधान, डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन, विद्यार्थिदशेंत तिचे सभासद होते. तेव्हां पंक्तिप्रपंच ही गोष्ट एका देशाची वा एका धर्माची नाहीं. जेथें मोठेपणा वाटला जातो तेथें ती उगवते.

आतां आजच्या काळाकडे वळूं. पुण्याच्या महाविद्यालयांत आज शेजारच्या मुलाची जात विचारून कोणी चहाचा पेला दूर सारीत नाहीं. जात पार नाहींशी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उघड पंक्तिप्रपंचाचें मुख्य साधन आतां पैसा आहे. पूर्वीं वर्गणी न देणारा गर्दींत लपून राहूं शके. आतां वर्गाच्या मोबाइलवरील गटांत यादी फिरते. कोणीं पैसे पाठविले आणि कोणीं नाहीं, हें साऱ्या वर्गास दिसतें. समारंभ महाविद्यालयाच्या सभागृहांत असेल तर खर्च बेताचा असतो. तो उपाहारगृहांत वा रिसॉर्टवर गेला म्हणजे जेवण, वाहन, विशिष्ट रंगाचा पोशाख, भेटवस्तु असा तो वाढत जातो. खेड्यांतील मुलगा 'मला परवडत नाहीं' एवढे तीन शब्द उच्चारूं शकत नाहीं आणि शहरांतील मुलास ते त्यानें न सांगतां समजत नाहींत. पुष्कळ वेळां दुष्टपणा कोणाचाच नसतो. परंतु उपाशी मात्र एकच राहतो.

मद्याविषयीं थोडें स्पष्ट बोलणें जरूर आहे. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें बियर व वाइन यांसाठीं वयाचीं २१ वर्षें आणि इतर मद्यासाठीं २५ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. म्हणजे पदवीच्या वर्गांत शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांस तें कायद्यानेंच वर्ज्य आहे. तरीही काय घडतें तें आपल्याच नगर रस्त्यालगतच्या कल्याणीनगरांत १९ मे २०२४ च्या पहाटे दिसून आलें. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून निघालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. त्या मुलानें व त्याच्या मित्रांनीं त्या रात्रीं एका पबमध्यें दीड तासांत ४८,००० रुपयांचें बिल केलें होतें, असें पोलिसांनीं सांगितलें. चाकणच्या बाजारांत किती पिशव्या कांदा विकल्यावर ४८,००० रुपये हातांत पडतात, हा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं वडिलांजवळ बसून करावा. आणि दोन घरांतील दोन मुलांचें मोल मात्र त्या हिशेबांत धरूं नये, कारण तें धरितां येत नाहीं.

स्वागताच्या नांवाखालीं नव्या विद्यार्थ्यांचा छळ होतो, त्यास रॅगिंग म्हणतात. त्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९९९ मध्येंच कायदा केला असून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यांत शिक्षा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं विद्यार्थी व पालक या दोघांकडूनही तसें न करण्याचें प्रतिज्ञापत्र घेतलें जातें. आमच्या पालकांनीं त्या कागदावर नुसती सही करूं नये; तो मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा. 'सर्वच करितात', 'ही तर गंमत' असें म्हणून जें केलें जातें, त्यांतील पुष्कळसें त्या कागदांत गुन्हा म्हणून लिहिलेलें आहे.

परंतु एवढ्यावरून महाविद्यालयाचें सामाजिक जीवन म्हणजे एक सापळा आहे असें कोणी समजूं नये. पुण्यांत १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाची मराठी एकांकिका स्पर्धा होत आहे आणि १९७४ पासून फिरोदिया करंडक. या स्पर्धांच्या तालमींत महिना-दीड महिना रात्रींच्या रात्रीं मुलें एकत्र राबतात. कोणी भूमिका करितो, कोणी पडदे रंगवितो, कोणी खिळे ठोकतो. रात्रीं दोन वाजतां एका वडापावाचे चार भाग होतात आणि त्यांत सरदाराचा मुलगा व शेतकऱ्याचा मुलगा यांचे तुकडे सारखेच असतात. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळा-मुठेच्या पाण्यावर १९२८ पासून रेगाटा भरवीत आला आहे. होडींत वल्ह्याची लय जुळली पाहिजे, खिशाची जुळली नाहीं तरी चालतें. पवईच्या आय्. आय्. टी.चा मूड इंडिगो १९७१ पासूनचा, मुंबईच्या सेंट झेवियर्सचा मल्हार १९७९ पासूनचा. हे महोत्सव विद्यार्थीच चालवितात, आणि त्यांत हिशेब ठेवणें, पाहुण्यांची व्यवस्था, रंगमंच उभारणें अशीं शेंकडों कामें असतात. ज्यास पाहुणा होणें परवडत नाहीं, त्यानें कार्यकर्ता व्हावें. कामकऱ्यास पंगतींत जागा आपोआप मिळते. यात्रेंत वाढप्यास कोणी वर्गणी विचारीत नाहीं.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही पुण्यास शिकावयास गेलों तेव्हां पहिल्याच वर्षीं वर्गाच्या समारंभाची वर्गणी पन्नास रुपये ठरली. आमच्याजवळ पन्नास रुपये होते, परंतु ते परीक्षेच्या अर्जासाठीं होते. वर्गणी गोळा करणाऱ्या मित्रास आम्हीं 'गांवीं जावयाचें आहे' असें सांगितलें आणि त्या संध्याकाळीं गांवीं न जातां वाचनालयांत जाऊन बसलों. पुस्तक उघडें होतें, पण सभागृहांतील हंसण्याचे आवाज खिडकींतून येत होते, आणि एक पान कांहीं उलटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं फिशपाँडांतील आमच्या नांवाची चिठ्ठी एकानें आणून दिली. तींत आमच्या बोलण्याच्या खेडवळ ढंगाची थट्टा होती. आम्ही हंसलों आणि ती फाडली. पण पुढें कित्येक दिवस वर्गांत उत्तर येत असूनही आम्हीं तोंड उघडलें नाहीं.

तिसऱ्या वर्षीं वर्गाची व्यवस्था आमच्याकडे आली. आम्हीं व दोघां-तिघां मित्रांनीं एक ठराव केला: समारंभ सिंहगडावर, वर्गणी नाहीं, ज्यानें त्यानें आपली शिदोरी आणावयाची आणि ती एका चादरीवर एकत्र मांडावयाची. त्या दिवशीं पुरणपोळी होती, धपाटीं होतीं, थालीपीठ होतें, एकाच्या घरचा केक होता, आणि आमची बाजरीची भाकरी व लसणाची चटणी होती. कोणाचें कोणतें, हें पांच मिनिटांत कोणास कळेनासें झालें. चटणी सर्वांत आधीं संपली! ज्यानें दोन वर्षांपूर्वीं ती चिठ्ठी लिहिली होती त्यानें गड उतरतांना आपण होऊन तें सांगितलें आणि क्षमा मागितली. तो आज आमच्या अत्यंत जवळच्या मित्रांपैकीं आहे. त्यास ती चिठ्ठी लिहितांना आम्ही वाचनालयांत बसलों होतों हें ठाऊक नव्हतें. आणि तें आम्हीं त्यास कधीं सांगितलें नव्हतें. दोघांचीही चूक होती.

या अनुभवावरून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही थोडक्यांत सांगूं इच्छितों. परवडत नसेल तर खोटें कारण सांगूं नका. 'एवढे मला जमणार नाहींत, पण काम सांगा, करीन' असें सरळ म्हणा. शंभरांत नव्वद मुलें तें समजून घेतात, आणि जीं दहा घेत नाहींत त्यांच्या पंगतींत तुमचें कांहीं अडत नाहीं. खानावळीचा पैसा खानावळीसच द्या. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे, तींत काम करण्यास लाजूं नका. नको असलेला पेला नाकारतांना कारण देण्याची जरूर नाहीं. 'नको' हा शब्द पूर्ण आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें: जेव्हां वर्षा-दोन वर्षांनीं समारंभ ठरविण्याची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हां वर्गांत सर्वांत कमी पैसे असलेल्या मुलास वा मुलीस जमेल तोच आंकडा ठरवा, आणि देणाऱ्यांची यादी कोणास दाखवूं नका. ज्या पार्टींत तो एक जण येऊन पोटभर जेवला, ती यशस्वी. तो आला नाहीं तर दिव्यांची रोषणाई कितीही असो, ती फसली असें खुशाल समजा.

आमच्या गांवीं संत कान्हूराज महाराजांच्या उत्सवांत पंगती उठतात, तेव्हां वाढपी ओरडत फिरतात, "कोण राहिलंय का? कोण राहिलंय?" सर्व जेवल्यावांचून ते स्वतः बसत नाहींत. जुन्या काळीं गांवोगांव या हाकेंतूनही पुष्कळ लोक गाळले जात, हें आम्ही विसरलों नाहीं. तथापि हाक स्वतः खरी आहे. केंदूरहून पुण्यास, मुंबईस किंवा त्याहूनही दूर शिकावयास जातांना विद्यार्थ्यांनीं दुसरें कांहीं नेलें नाहीं तरी एवढी हाक बरोबर न्यावी.

त्या गृहस्थांची पुन्हां गांठ पडली तर आम्ही त्यांस सांगूं कीं, पार्टी म्हणजे तुमच्या-आमच्या ओळखीची पंगतच. फक्त ती वाढणारे अजून लहान आहेत, आणि कोण राहिलें आहे तें विचारावयास ते शिकत आहेत. मुलास रागावूं नका. त्यास पुढच्या खेपेस दोन भाकरी जास्त बांधून द्या.